कॅरेक्टरचं सॉफ्ट टॉय घरी शिवायचंय? आधी कागद, मग चेहरा, कात्री सगळ्यात शेवटी

सॉफ्ट टॉय शिवताना अडकलेल्या लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. मान लटकते, पाय काडीसारखे बारीक आलेत, चित्रात गोड दिसणारा चेहरा कापडावर आल्यावर भलताच कोणीतरी दिसतोय. आणि सगळ्यांना वाटतं आपली शिलाई कच्ची आहे. शिलाई बहुतेक वेळा ठीकच असते हो, गडबड आधीच झालेली असते, पॅटर्नमध्ये (म्हणजे तुकडे कापायच्या कागदी साच्यांत) नाहीतर कामाच्या क्रमात. म्हणून या लेखात मशीनवर बसायची वेळ बरीच उशिरा येणार आहे, तेवढा धीर धरा.

उदाहरण म्हणून एक साधं कॅरेक्टर घेऊ. करड्या रंगाचं जाडं मांजर, डोकं मोठं, डावा (बघणाऱ्याच्या डाव्या हाताचा) कान दुमडलेला, शेपटीवर दोन काळे पट्टे, गळ्यात लाल मफलर. नाव बंड्या. उभा बंड्या २८ सेमी: डोकं १३, धड १०, पाय ५. तुमचं कॅरेक्टर ससा असो, राक्षस असो की मुलाने वहीत काढलेला तीन डोळ्यांचा एलियन, पायऱ्या याच राहतात.

पहिलंच टॉय असेल तर २५ ते ३० सेमीच्या खाली जाऊ नका. लोकांना वाटतं छोटं म्हणजे सोपं, पण १० सेमीच्या टॉयचा हात बोटाएवढा असतो आणि तो उलटवताना निम्मी शिवण उसवते.

## १. सामान आणा, पण कापडाची परीक्षा घेऊन

कापड. सुरुवातीला छोट्या लवेचं मिंकी किंवा वेल्बोआ (मऊ, मखमलीसारखी पॉलिस्टर कापडं) घ्या, नाहीतर पोलर फ्लीस. लांब केसांचं फर दुकानात फार मोहात पाडतं आणि ते चुका लपवतंही, पण चेहऱ्यावरचं भरतकाम त्यात बुडून जातं, त्यामुळे ते शेपटीचा झुपका वगैरेसाठीच ठेवा. बंड्याएवढ्या टॉयला मुख्य रंगाचं अर्धा मीटर भरपूर होतं, यात एखादा भाग चुकला तर परत कापायलाही उरतं. बाकी रंगांचे छोटे तुकडे चालतात.

पुण्यात रविवार पेठेत आणि बोहरी आळीत, मुंबईत मंगलदास मार्केट आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत फिरलात तर या कामाचं बरंचसं सामान सापडतं. ऑनलाइन घेताना लवेची लांबी मिलिमीटरमध्ये दिलीये का बघा. २ ते ३ मिमी आपल्याला हवी. नुसतं 'सुपर सॉफ्ट फर' लिहिलं असेल तर विचारून घ्या.

भरायला. पॉलिस्टर फायबर, म्हणजे ज्याला सगळे सरसकट रिक्रॉन म्हणतात ते. उशा-गाद्या करणाऱ्यांकडे किलोवर मिळतं. बंड्याला २०० ग्रॅमच्या आसपास लागेल, थोडं जास्तच आणून ठेवा. जुन्या उशीतला कापूस वापरू नका, त्याच्या गुठळ्या होतात, धुतल्यावर तो आतून लवकर वाळत नाही, आणि कोकणात-मुंबईत पावसाळ्यात वास यायला लागला की टॉय गेलंच. वजनासाठी तांदूळ, मोहरी, मूग पण नकोत. किडे होतात.

शिवायला. बॉलपॉइंट सुई, १४ नंबर. साधी टोकदार सुई ताणणाऱ्या कापडात टाके सोडते आणि मग मशीन बिघडलं म्हणून लोक मेकॅनिकला बोलावतात. दोरा पॉलिस्टरचा, कॉटनचा नको, टॉय ओढलं जातं तेव्हा कॉटन तुटतो. हातशिलाईला लांब सुई आणि जाड मजबूत दोरा. टाचण्या रंगीत डोक्याच्याच घ्या, याचं कारण पुढे येईल.

बाकी. ब्राऊन पेपर, जुन्या कॅलेंडरचा किंवा बॉक्सचा पुठ्ठा, बारीक टोकाची कात्री, मोजपट्टी, भरायला चॉपस्टिक किंवा विणायची जाड सुई, आणि ट्रायलसाठी जुनं टाकाऊ कापड.

पायमशीन असेल तरी काही अडत नाही. प्रेशर फूटचा (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा) दाब थोडा कमी करा आणि टाका २.५ मिमीला ठेवा. मशीनच नसेल तर हाताने बखिया (प्रत्येक टाका मागे घेत) घालून पूर्ण टॉय होतं, वेळ जातो एवढंच. धावदोऱ्याने मात्र शिवू नका, भरताना टाके उघडतात आणि मधून पांढरं फायबर डोकावतं.

> तपासा: कापडावरून हात फिरवा. ज्या दिशेने लव गुळगुळीत बसते ती लवेची दिशा, उलट बाजूला तिथे बाण काढा. मग कापड आडवं-उभं ताणून बघा, बहुतेक मिंकी आडवं जास्त ताणतं. या दोन खुणा केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. चित्र खऱ्या मापात काढा, समोरून आणि बाजूने

मोबाइलवरचं चित्र बघत अंदाजाने पॅटर्न काढायचा नाही. ब्राऊन पेपरवर २८ सेमीचा बंड्या समोरून काढा, आणि शेजारी त्याच उंचीचा बाजूने. बाजूचं चित्र ९० टक्के लोक काढतच नाहीत असं मी छातीठोक म्हणेन, आणि मग टॉय उशीसारखं चपटं होतं. डोक्याला मागे किती फुगवटा, पोट किती पुढे, शेपटी कुठून निघते, हे सगळं बाजूनेच कळतं.

काढताना कॅरेक्टर सोपं करायचं. चित्रातली प्रत्येक रेघ कापडात येत नाही आणि यायचीही गरज नसते. बंड्याची ओळख कशात आहे? दुमडलेला कान, मफलर आणि अर्धवट मिटलेले डोळे. ही तीन आली की तो बंड्या. मिशा, नखं, पंज्यांचे ठसे नंतर वाटलं तर भरतकामात. माणसाचं कॅरेक्टर असेल तर केसांची ठेवण, भुवया आणि कपड्याचा मुख्य रंग यावर आधी लक्ष द्या, बोटं पाच नसली तरी कोणी मोजत नाही.

## ३. पॅटर्न: इथेच पाय बारीक होतात

आता सगळ्यात महत्त्वाचं. चपट्या कापडाचे दोन तुकडे जोडून भरले की ते गोल होतात आणि गोल झाले की रुंदी कमी होते. किती कमी, याचं सरळ गणित आहे.

बंड्याचा पाय भरल्यावर ५ सेमी जाडीचा हवा. त्याचा घेर झाला ५ × ३.१४ म्हणजे १५.७ सेमी. पायाचे तुकडे दोन, म्हणून प्रत्येक तुकडा जवळपास ८ सेमी रुंद, आणि दोन्ही बाजूंना ६-६ मिमी माया (शिवणीबाहेर सोडायचं जादा कापड) धरली की कापायची रुंदी साधारण ९ सेमी. नवशिक्या माणूस चित्रातला पाय मोजतो, ५ सेमी कापतो, त्यातच माया घालवतो आणि हातात येते सव्वादोन-अडीच सेमीची काडी. मग वाटतं कापड आटलं.

हेच हाताला, शेपटीला, धडाला. जाडी गुणिले ३.१४, भागिले तुकड्यांची संख्या, अधिक माया. कापड ताणणारं असेल तर भरल्यावर थोडं वाढतं, पण ते ट्रायलला बघू, आकड्यात आत्ता धरू नका.

डोकं. चेहऱ्याच्या मधून शिवण जाईल असा पॅटर्न कॅरेक्टर टॉयला घेऊ नका. प्राण्यांच्या बऱ्याच पॅटर्नमध्ये डोक्याचे दोन बाजूचे तुकडे आणि मधली पट्टी असते, लांब नाकाच्या कुत्र्याला ते मस्त बसतं, पण चपट्या गोल चेहऱ्याला नाही. बंड्यासाठी: चेहरा एक अखंड तुकडा, त्याला गालांखाली दोन आणि वर दोन डार्ट (कडेला चिमटीसारखी घडी घालून शिवलेले निमुळते चुणे), आणि डोक्याची मागची बाजू दोन तुकड्यांची, मधोमध बाहेर फुगलेली शिवण. डार्टने चेहरा वाटीसारखा खोल होतो आणि डोळे-नाक-तोंड एकाच कापडावर राहतात.

आकार फारच वेडावाकडा असेल, शिंगं-कुबड-मोठा जबडा वगैरे, तर डोक्याने पॅटर्न काढत बसू नका. जुन्या स्पंजचा किंवा मातीचा आकार बनवा, त्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, वर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून पूर्ण झाका. मग पेनाने शिवणीच्या रेघा काढा, प्रत्येक भागाला नंबर द्या, बाण काढा आणि कापून सोलून काढा. जो भाग टेबलावर सपाट बसत नाही त्याला कडेपासून चीर द्या, ती चीर उघडून जो इंग्रजी V होतो तोच तुमचा डार्ट. शेवटी माया जोडायची विसरू नका, या पद्धतीत ती हमखास विसरली जाते.

मान. डोकं १३ सेमी रुंद असेल तर मान कमीत कमी ६ सेमी जाड ठेवा, म्हणजे घेर १९ सेमी. चित्रात मान बारीक दिसते म्हणून टॉयलाही बारीक केली की मोठं डोकं छातीवर पडणार, त्याला नंतर इलाज नसतो. मफलर आहे, झाकलं जाईल. तुमच्या कॅरेक्टरला मफलर नसेल तरी जाडच ठेवा.

> तपासा: जे दोन तुकडे एकमेकांना जोडले जाणार त्यांच्या शिवणीच्या रेघा मोजा, कापायच्या कडा नाही. मोजपट्टी उभी धरून वळणावरून फिरवा. चेहऱ्याचा घेर (डार्ट मिटवून) आणि मागच्या भागाचा घेर यात ३-४ मिमी फरक चालतो, कापड सांभाळून घेतं. १ सेमी असेल तर कागदावरच दुरुस्त करा. डोक्याच्या आणि धडाच्या मानेचं तोंड पण असंच सारखं हवं.

प्रत्येक कागदी तुकड्यावर हे लिहा: नाव, किती कापायचे, आरशासारखी जोडी आहे का, लवेचा बाण, आणि जुळवायच्या खुणा. बाण कुठे? डोकं-धडावर वरून खाली. शेपटीवर मुळापासून टोकाकडे.

## ४. ट्रायल शिवा. हो, पूर्ण

हा टप्पा गाळणाऱ्यांनाच पुढे सगळ्यात जास्त त्रास होतो. जुनी चादर चालेल, पण खरं कापड ताणणारं असेल तर ट्रायललाही जुना टी-शर्ट किंवा फाटकं फ्लीस घ्या, नाहीतर चादरीवर परफेक्ट आलेलं पोट मिंकीमध्ये गणपतीसारखं येईल. मोठ्या टाक्यांनी भरभर शिवा, कच्चंच असू दे, पण भरून बघा. न भरता काही कळत नाही.

भरलेल्या ट्रायलवर मार्करने थेट लिहा: इथे ५ मिमी कमी, कान १ सेमी खाली, पोट पुढे. मग कागद सुधारा.

आणि चेहरा इथेच ठरवा. कागदाचे डोळे कापून टाचण्यांनी लावा, हातभर अंतरावरून फोटो काढा, डोळे सरकवा, परत फोटो. गोल पृष्ठभागावर कडेचे डोळे बाजूला वळतात आणि अरुंद दिसतात, त्यामुळे चित्रातल्यापेक्षा जरा जवळ आणि जरा खाली घ्यावे लागतात. डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या खाली गेले की कॅरेक्टर लहान आणि गोंडस दिसतं, वर गेले की मोठ्या माणसासारखं. आरशात बघितलं तर तिरकेपणा पटकन कळतो, फोनमध्ये फोटो फ्लिप केला तरी तेच. नक्की झालं की टाचण्यांच्या जागा पॅटर्नच्या चेहऱ्यावर उतरवून घ्या.

## ५. खुणा आणि कटिंग

पॅटर्न पुठ्ठ्यावर चिकटवून कापा म्हणजे कडेने पेन फिरवता येतं. कापड एकेरी, उलट बाजू वर. दुहेरी घडी घालून दोन्ही तुकडे एकदम कापायचा मोह टाळा, लवेचं कापड आतल्या आत सरकतं आणि खालचा तुकडा वेगळाच निघतो.

जोडीचे तुकडे काढताना एक सरळ ठेवून आखला की दुसरा पुठ्ठा पालथा करून आखा. हे विसरलं की दोन्ही डावे हात तयार होतात. आणि उलट बाजूवर आखताय म्हणजे सगळं आरशात दिसतंय हे डोक्यात ठेवा. बंड्याचा डावा कान दुमडलेला आहे, तो उलट बाजूवर उजवीकडे येणार. दिवसभर काम करून शेवटी उजवा कान दुमडलेला निघाला तर चित्र काढणारं पोर लगेच पकडतं, त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

आखायला काय? शिंप्याचा खडू मिंकीच्या पाठीवर नीट उठत नाही. पाण्याने जाणारं पेन बरं. उष्णतेने पुसलं जाणारं पेन इथे नकोच, एक तर पॉलिस्टरच्या लवेवर गरम इस्त्री फिरवली की लव चपटी होऊन वितळते, आणि दुसरं म्हणजे त्या पेनची रेघ थंडीत परत दिसायला लागते.

चेहऱ्याचा तुकडा आत्ता कापायचा नाही. नुसता आखायचा, चारी बाजूंनी ५-६ सेमी कापड सोडून चौकोन काढून घ्यायचा.

फर किंवा लांब लवेचं कापड कापताना कात्रीचं टोक पाठीच्या कापडातूनच सरकवा, केस कापू नका, नाहीतर शिवणीवर टक्कल दिसतं. कापल्यावर तुकडे बाहेर गॅलरीत झटका, घरात नको. मिंकीची लव इतकी उडते की जेवणात सापडेल. नाकाला मास्क लावला तर उत्तम.

> तपासा: सगळे तुकडे जमिनीवर टॉयच्या आकारात मांडा. प्रत्येकावर हात फिरवा, लव खाली जातेय ना? डावे-उजवे आहेत ना? मोजून घ्या.

## ६. चेहरा: कापायच्या आधी, शिवायच्या आधी, भरायच्या आधी

टॉय तयार झाल्यावर त्यावर डोळे भरत बसणारे खूप भेटतात. कशाला? गोल आणि मऊ वस्तूवर सुई नीट चालत नाही, गाठी लपवायला जागा नसते. चपटा कापडाचा चौकोन रिंगमध्ये धरून निवांत काम होतं ते करा.

खाली फाडून काढता येणारं नॉन-वोव्हन लावा आणि वर पाण्यात विरघळणारी फिल्म. या फिल्मशिवाय लव टाक्यांच्या मधून वर येते आणि डोळ्याला केस फुटल्यासारखे दिसतात. रिंग फार आवळू नका, आणि काम थांबवलं की काढून ठेवा, लवेवर गोल वळ पडतात.

डोळ्याचे मोठे रंगीत भाग फेल्ट किंवा पातळ मिंकीचे कापून अॅप्लिक करा (वर ठेवून शिवा), सगळं साटीन टाक्याने भरायला गेलात तर कापड आखडतं. कडेला बारीक टाके, मग बाहुली, मग पापणीची जाड रेघ, आणि पांढरा चमकीचा ठिपका सगळ्यात शेवटी. दोन्ही डोळ्यांत चमक एकाच बाजूला हवी. ती आरशासारखी घेतली की कॅरेक्टर चकणं दिसतं, ही चूक चांगल्या हातांकडूनही होते. लाल-काळा दोरा किंवा फेल्ट असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का बघा.

प्लॅस्टिकचे सेफ्टी आय (मागून वॉशरने अडकवायचे तयार डोळे) लावायचे असतील तर तेही याच टप्प्यावर. कापडाच्या मागे फेल्टचा तुकडा ठेवा म्हणजे भोक मोठं होत नाही, वॉशर शेवटपर्यंत दाबा, आणि नंतर तो निघत नाही, म्हणून जागा आधी नक्की करा.

> सावधान: नावात सेफ्टी असली तरी ३ वर्षांखालच्या मुलासाठी ते डोळे वापरू नका. मणी, बटणं, घंटीही नको. फक्त भरतकाम. आणि १ वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागेत सॉफ्ट टॉय ठेवायचंच नसतं, कितीही मऊ असलं तरी.

भरतकाम झालं की पॅटर्न परत ठेवून बघा. कापड आखडून रेघ सरकली असेल तर नव्याने आखा. आणि मगच चेहरा कापा.

## ७. शिवणीचा क्रम

नियम एकच: आधी बारीक, मग मोठं. आणि प्रत्येक शिवणीआधी हाताने कच्चा टाका. मिंकी मिंकीवर ठेवलं की दोन्ही एकमेकांवरून सरकतात, नुसत्या टाचण्यांवर भरवसा ठेवायचा तर दर सेंटिमीटरला एक लागते, त्यापेक्षा कच्चा टाका सोपा. टाचताना बाहेर आलेली लव सुईच्या टोकाने आत ढकलत जा.

७.१ डार्ट. रुंद बाजूकडून टोकाकडे शिवा, शेवटचे दोन-तीन टाके अगदी घडीच्या कडेवरून. टोकाला उलटी टीप मारू नका, दोरा लांब सोडून हाताने गाठ. झपकन संपवलेल्या डार्टचं टोक भरल्यावर पुटकुळीसारखं वर येतं.

७.२ कान. दोन-दोन तुकडे शिवा, उलटवा, भरू नका. डावा कान दुमडून दोन टाक्यांनी पक्का करा. मग दोन्ही कान चेहऱ्याच्या सुलट बाजूवर, टोकं आतल्या दिशेला, ट्रायलवर ठरलेल्या जागी कच्चे जोडा. टोकं बाहेर ठेवली तर कान डोक्याच्या आत शिवले जातात.

७.३ डोक्याची मागची बाजू. मधली शिवण घाला.

७.४ चेहरा आणि मागची बाजू. वरच्या मध्यखुणेपासून सुरू करून आधी एका बाजूने मानेपर्यंत, परत वरून दुसऱ्या बाजूने. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात शिवलं की कापड सरकत जातं आणि चेहरा पिळवटतो. मानेचं तोंड उघडं.

७.५ हात, पाय, शेपटी. शेपटीचे काळे पट्टे तुकड्यातच आधी जोडून घ्या. सगळ्यांची वरची तोंडं उघडी ठेवून शिवा, उलटवा.

७.६ धड. पुढचा एक, मागचे दोन. शेपटी मागच्या मधल्या शिवणीत, हात बाजूच्या शिवणीत, तेही आतल्या दिशेला तोंड करून. हातात-शेपटीत फायबर अगदी थोडं आणि वरची दीड सेमी रिकामी, नाहीतर जाड गठ्ठ्यावर मशीन चढत नाही. मानेचं तोंड उघडं, तिथूनच उलटवायचं आणि भरायचं, त्यामुळे पाठीवर वेगळं भोक लागत नाही.

पाय मी धडाच्या शिवणीत घ्यायला सांगत नाही. ते भरून नंतर हाताने लावा. बंड्या उभा राहणार की बसणार, पाय सरळ की जरा फाकलेले, हे भरलेलं धड हातात आल्यावरच ठरतं.

उलटवण्याआधी. वळणांवर माया कापा. आत वळणाऱ्या जागी, म्हणजे मानेजवळ, काखेत, सरळ छोट्या चिरा. बाहेर फुगणाऱ्या जागी, गाल-पोट-डोक्यावर, इंग्रजी V आकाराचे बारीक तुकडे काढा. टाक्यापासून २ मिमी लांब थांबा. हे न करता उलटवलं की गोल गाल चौकोनी दिसतो. मानेजवळ आणि काखेत दुसरी टीप मारा, पोरं टॉय तिथेच धरून ओढतात.

> तपासा: उलटवून प्रत्येक शिवण बोटांनी दोन्हीकडे ओढा. मधून उजेड दिसला तर परत उलटं करून टीप. भरल्यानंतर सापडलेलं भोक दुरुस्त करणं फार कटकटीचं.

## ८. भरणं

हे काम घाईत उरकायचं नाही. फायबरचा मोठा गोळा घालून दाबला की आत ढेकळं होतात आणि बाहेरून टेंगळं दिसतात. हाताने पिंजून, सुपारीएवढे पुंजके, टोकाकडून सुरुवात. नाकाचा फुगवटा, गाल, पंजे आधी, मग मध्य. प्रत्येक पुंजका आधीच्यात गुंतेल असा ढकला. चॉपस्टिकचं टोक बोथट हवं, धारदार असेल तर शिवणीतून आरपार जातं.

डोकं वाटतं त्यापेक्षा घट्ट भरा. फायबर बसतं, आज टम्म वाटणारं डोकं काही आठवड्यांत पिचकतं. पोट जरा मऊ चालेल, मिठी मारायला तेच हवं असतं. हात खांद्याजवळ जवळपास रिकामे, म्हणजे लोंबतात छान, गच्च भरले की बंड्या दोन्ही बाजूंना हात ताठ करून उभा.

बूड जड हवं असेल तर प्लॅस्टिकचे दाणे, पण थेट नाही, जाड कॉटनच्या पिशवीत, पिशवीला दुहेरी टीप. लहान मुलांसाठी तेही टाळा.

भरताना मधूनमधून टॉय टेबलावर ठेवून दोन हात लांब जाऊन बघा. एक गाल मोठा वाटतोय? आत्ता सुधारेल, मान शिवल्यावर नाही.

## ९. डोकं बसवणं

मान दोन्हीकडून काठोकाठ भरा. डोक्याच्या तोंडाशी फायबर बाहेर डोकावायला हवं, धडाच्याही.

आधी चार टाचण्या: पुढची मध्यखूण, मागची शिवण, दोन बाजू. लांबून बघा. डोकं थोडं तिरकं ठेवायचं असेल तर आत्ताच, बंड्याला ते शोभतं. मग मजबूत दुहेरी दोऱ्याने शिडी टाका: माया आत दुमडलेली, एक टाका डोक्याच्या घडीत, समोरचा धडाच्या घडीत, प्रत्येक ४-५ मिमीचा. चार-पाच टाके झाले की दोरा ओढायचा, टाके आत गडप होतात. सगळा फेरा झाल्यावर एकदम ओढायला गेलात तर एक तर चुणी पडते किंवा दोरा तुटतो.

शेवटची ३ सेमी राहिली की थांबा आणि त्या फटीतून मानेत अजून फायबर कोंबा, कोंबता येईल तितकं. लटकणाऱ्या मानेवर खरा उपाय हाच आहे. मग फट बंद करा आणि त्याच जागेवरून दुसरा फेरा घाला. गाठ मारून सुई टॉयच्या आतून लांब नेऊन बाहेर काढा, दोरा ताणून कापा, शेपूट आत जातं.

पायही असेच शिडी टाक्याने, दोन फेरे. लावायच्या आधी टाचण्यांवर उभा राहतोय का बघा.

शिवणीत अडकलेली लव सुईच्या टोकाने उचकटून बाहेर काढा, शिवण दिसेनाशी होते. लव बसली असेल तर केटलच्या वाफेवर लांबून धरून बोटांनी उठवा.

> सावधान: टाचण्या मोजा. सुरुवातीला किती होत्या, आता किती. रंगीत डोकी याचसाठी. शिवाय सगळ्या टॉयवरून दाबत चुंबक फिरवा. एकही कमी असेल तर टॉय मुलाच्या हातात द्यायचं नाही.

## १०. कपडे आणि बाकी

मफलर फ्लीसचा, कडा शिवाव्या लागत नाहीत. लहान मुलासाठी असेल तर छोटाच कापा आणि मानेमागे शिवून टाका, लांब मोकळी पट्टी किंवा दोरी नको. शर्ट-फ्रॉकचं माप तयार टॉयवरून घ्या, पॅटर्नवरून नाही. डोकं मोठं असल्यामुळे कपडा वरून जात नाही, पाठीत उघडा ठेवून वेल्क्रो लावा.

ऑर्डर घेऊन विकायचा विचार असेल तर दोन गोष्टी. टीव्ही, गेम, कॉमिकमधलं कॅरेक्टर दुसऱ्याच्या मालकीचं असतं, स्वतःच्या मुलासाठी एक शिवणं वेगळं आणि परवानगीशिवाय विकणं वेगळं. मुलांनी काढलेली चित्रं किंवा स्वतःची कॅरेक्टर्स घ्या, कामही जास्त मजेचं असतं. दुसरं, १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आयएसआय मार्क बंधनकारक आहे. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, म्हणून दुकान मांडायच्या आधी ती नोंदणी आणि चालू नियम बघून घ्या.

धुवायचं असेल तर उशीच्या अभ्ऱ्यात घालून, थंड पाणी, सौम्य साबण, हाताने दाबून. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी शोषून घ्या आणि पंख्याखाली आडवं वाळवा, दोरीवर कानाला चिमटा लावून नको, कान लांब होतो. बाहेरून कोरडं लागलं तरी आत ओल असते, मानेजवळ दाबून बघा, गार लागलं तर अजून एक दिवस ठेवा. उरलेलं करडं कापड आणि तोच दोरा एका पिशवीत जपून ठेवा, काखेतली शिवण कधी ना कधी उसवणारच आहे.